लाल चिंधीचं शिराळं

प्रेमलताकाकूंच्या वेलावर दर मे महिन्यात एक शिराळं असं असतं, की त्याला कुणी हात लावायचा नाही. त्याच्या देठाला लाल चिंधी बांधलेली असते. बाकीची शिराळी कोवळी असतानाच उतरतात, त्यांची भाजी होते, शिरांची चटणी होते. चिंधीवालं तिथेच लटकत राहतं. जून होतं, पिवळं पडतं, मग तपकिरी होतं, आणि शेवटी हातात घेतलं तर वजनच लागत नाही. हलवलं की आत बिया वाजतात. वाजल्याशिवाय ते वेलावरून काढायचं नाही, हा काकूंच्या सासूबाईंचा नियम होता.

आमच्या इमारतीत येऊन काकूंना चौदा वर्षं झाली. त्याआधी त्या उमराळ्याला वाडीत होत्या. केळी, अळू, पडवळ, वाल, आणि बाजूला बावखल, म्हणजे गोड्या पाण्याचं छोटं तळं. वाडीचे वाटे झाले, शंकरकाका गेले, आणि भावेशने आईला एव्हरशाईन सिटीत तिसऱ्या मजल्यावर आणलं. येताना काकूंनी भांडीकुंडी फारशी आणली नाहीत. दोन गोणी चुलीची राख आणली. भावेशच्या बायकोने, रिद्धीने, टेम्पोतून उतरणारी ती राख पाहून नवऱ्याकडे बघितलं होतं, असं ती स्वतःच आता हसत सांगते.

राख बियाण्यासाठी होती. सुकलेल्या बिया राखेत घोळवून डब्यात भरल्या की कीड लागत नाही, ओल धरत नाही. काकूंचा बियाण्याचा डबा बिस्किटांचा आहे, चौकोनी, पत्र्याचा. त्यात शिराळ्याचं बी. हे शिराळं लांबीला वीतभरच, रंगाने फिकट, आणि कधीही कडू निघत नाही. शिराळं चिरताना आधी जिभेला लावून बघावं लागतं, हे ज्यांनी ताटात कडू भाजी सोडून दिली आहे त्यांना माहीत असतं. काकूंचं शिराळं चाखून बघावं लागत नाही.

गच्चीवर त्यांनी निळा पिंप अर्धा कापून माती भरली. मांडव कुणीतरी टाकून दिलेल्या केबलच्या वायरींचा. थर्मोकोलच्या खोक्यांत अळू आणि मिरच्या. आमच्या बोअरवेलचं पाणी खारं आहे, त्याने नळांवर पांढरी पुटं धरतात. काकूंनी त्या पाण्याचा एक थेंब कधी रोपांना घातला नाही. तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी साठवायचं आणि बादलीने वर न्यायचं. लिफ्टमध्ये बादली घेऊन उभ्या असलेल्या काकू हे आमच्या इमारतीचं नेहमीचं दृश्य.

मेमध्ये तर त्यांचा मुक्काम गच्चीवरच. सकाळी साडेसहाला कोहळ्याचे सांडगे प्लास्टिकवर घातलेले. कैरीच्या फोडी मीठ लावून आंबोशीसाठी पसरलेल्या. ताकातल्या मिरच्या एका परातीत. कावळ्यांसाठी काठीला बांधलेली जुनी काळी छत्री. इमारतीतल्या आम्ही बायका आधी नुसत्या बघायला गेलो, मग आपापल्या परातींसह जायला लागलो. मे संपता संपता काकूंच्या दाराशी माणसं यायची ती बी मागायला. काकू कागदाची पुडी बांधून द्यायच्या. त्यांच्या घरात बियाण्याचे तीन दंडक होते. बी विकायचं नाही. मागणाऱ्याला नाही म्हणायचं नाही. आणि दिलेलं परत मागायचं नाही.

आता झालेली चूक सांगते. काकूंनी ती पाच महिने कुणाला सांगितली नव्हती.

वाडीतून आणलेली राख पुरवून पुरवून वापरली तरी शेवटी संपली. गॅसच्या घरात नवी राख कुठून येणार? उदबत्तीची चिमूटभर. म्हणून गेल्या वर्षीच्या मार्चमध्ये काकूंनी आमच्या सोसायटीच्या होळीची राख भरून घेतली. होळीची राख घरी न्यायची रीत जुनीच, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. नारळाच्या झावळ्या आणि लाकडंच जाळली होती. राख चाळली, उन्हात तापवली, आणि मेमधलं बी तिच्यात घोळवून डबा भरून ठेवला. डबा भरलेला आहे या भरवशावर गेल्या पावसाळ्यातल्या वेलाचं एकही शिराळं त्यांनी राखलं नाही. सगळी खाल्ली आणि वाटली.

या जानेवारीत उन्हाळी वेलासाठी डबा उघडला तेव्हा राखेचं ढेकूळ झालं होतं. बिया मऊ, बोटाने दाबल्या की पाणी सुटत होतं. काकूंनी डबा ओट्यावर ठेवला. मग त्यांनी राखेचं बोट जिभेला लावलं. खारट.

होळी विझवताना वॉचमनने बोअरच्या पाण्याचा पाइप सोडला होता. ते काकूंनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. ज्या पाण्याचा थेंब त्या मुळाला लागू देत नव्हत्या, ते पाणी राखेत उतरलं, वाळलं, मीठ मागे राहिलं, आणि पावसाळाभर त्या मिठाने हवेतली ओल ओढून बियांना पाजली. हे सगळं त्यांना एका क्षणात कळलं, आणि आधी कसं कळलं नाही हे मात्र अजून कळलेलं नाही.

ढेकळातून तीन बिया टणक निघाल्या. तिन्ही लावल्या. एक उगवली. त्या एका वेलावर पहिली शिराळी धरली तेव्हाच काकूंनी चिंधी बांधली. यंदा कुणाकडे भाजीची वाटी गेली नाही. लोकांना वाटलं, काकू थकल्या.

मेच्या शेवटच्या आठवड्यात, एका गुरुवारी, सोसायटीचे सेक्रेटरी सदानंद काकूंच्या दारात आले. पावसाआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग करायचं होतं. वरच्या मजल्यावरची दोन छतं गेल्या वर्षी गळली होती. सोमवारी काम सुरू होणार, टाक्या सोडून बाकी सगळं रविवारपर्यंत खाली उतरवायचं. सदानंद बहुतेक वादाची तयारी करून आले होते, पण काकू लगेच "उतरवते" म्हणाल्या. ते नुसतेच म्हणाले की वेल तर तसाही सुकतच आलाय.

वेल सुकत आला होता, शिराळं सुकलं नव्हतं. ते अजून पिवळं होतं, टोकाला जरा तपकिरी. वाजायला दहा-बारा दिवस हवे होते.

दहा दिवस मागायचे तर कशासाठी ते सांगावं लागलं असतं. ज्या बाईकडे आख्खी इमारत बी मागायला येते तिला एका शिराळ्यासाठी एवढी घालमेल का, असं कुणीही विचारलं असतं. रिद्धीने तर विचारलंच. आई, काढून टाका ना, डब्यात आहेच की बी. काकू "हं" म्हणाल्या आणि सांडगे उलटायला वर गेल्या.

शनिवारी सकाळी त्या आंबोशीची बरणी पिशवीत घालून उमराळ्याला गेल्या. तिथे जोआना आहे. बावखलाच्या या काठाला काकूंची वाडी होती, त्या काठाला जोआनाची. तीस वर्षं दोघींनी एकमेकींना काय काय दिलं असेल याची गणती नाही. लावायला केळीचे मुनवे तिच्याकडून इकडे आले, शिराळ्याचं बी इकडून तिकडे गेलं. जोआनाच्या मांडवावर आपलं शिराळं असेलच, असा काकूंचा हिशेब होता. मागायचं नव्हतं. दंडक होता ना. नुसतं मांडवाखाली उभं राहायचं, आणि "छान धरलंय गं" म्हणायचं. जोआनाने आपण होऊन दिलं असतं.

मांडव भरलेला होता. काकूंनी फाटकातूनच पाहिलं. हात हातभर लांब शिराळी, सगळी एका मापाची, गडद हिरवी. पाकिटातलं बी.

जोआनाने चहा केला. आंबोशीची बरणी उघडून वास घेतला, एक फोड तोंडात टाकली. तिचा नवरा टोनी ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. प्रेमलता आली म्हणजे आता दुपारपर्यंत आपल्याला कुणी विचारणार नाही, असं तो कुणाला तरी ऐकू जाईल अशा बेताने म्हणाला. दोघी नातवंडांचं बोलल्या, गुडघ्यांचं बोलल्या. मग जोआना स्वतःच म्हणाली, "बरं झालं आलीस प्रेमा. मीच येणार होते तुझ्याकडे. तुझं शिराळ्याचं बी दे थोडं. हे पाकिटातलं दर साली नवं घ्यावं लागतं, आणि परवा तर कडू निघालं. टोनीने ताट बाजूला सारलं."

"तुझं काय झालं?" काकूंनी विचारलं. "मी दिलं होतं ते."

"दोन-चार वर्षं ठेवलं. मग नाही ठेवलं." जोआनाने दुसरी फोड घेतली. "तू आहेस म्हटल्यावर कशाला ठेवायचं?"

काकूंनी तेव्हाही तिला काही सांगितलं नाही. पाठवते म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये त्यांना खिडकी मिळाली, पण बाहेरचं काही दिसलं नाही, असं त्या मला नंतर म्हणाल्या. डोक्यात एकच चाललं होतं. चौदा वर्षांत किती पुड्या बांधल्या असतील? शंभर? प्रत्येक पुडीबरोबर त्यांनी सांगितलं होतं, बी रात्रभर भिजव, टोक खाली करून लाव, पाणी मुळाशी घाल. एक शिराळं राखून ठेव, हे एकदाही सांगितलं नव्हतं. उलट तीन वर्षांपूर्वी सदानंदांच्या बायकोने, मीराने, सुकलेल्या दोडक्यातून बी कसं काढायचं म्हणून विचारलं होतं. मीरा साताऱ्याकडची, ती शिराळ्याला दोडका म्हणते. तेव्हा काकू तिला म्हणाल्या होत्या, तू कशाला त्रास घेतेस, माझ्याकडे ये की. त्यात प्रेम होतं. पण दर वर्षी लोक दारात यावेत ही हौसही होती, आणि तीही थोडीथोडकी नव्हती. हे त्यांनी मला सांगितलं तेव्हा मी काहीतरी समजुतीचं बोलायला गेले. त्यांनी हाताने थांबवलं.

रविवारी सकाळी काकू सदानंदांच्या दारात गेल्या. मी तेव्हा मीराकडे मिक्सर मागायला गेले होते, म्हणून पुढचं माझ्या समोरचं. काकू बसल्या नाहीत. पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभ्याच राहिल्या.

"सदानंद, मला दहा दिवस हवेत. माझ्याकडे बी नाही."

सदानंदांना कळलं नाही. "बी म्हणजे?"

"शिराळ्याचं. डबा कुजला. होळीची राख घातली मी, खाऱ्या पाण्याने विझवलेली. माझी चूक. आता वर लटकलंय तेवढंच आहे. ते गेलं तर गेलं."

मीरा स्वयंपाकघराच्या दारात आली होती, हातात पोळीचं उलथणं. मग सदानंदांनी खुर्ची पुढे केली, आणि काकू बसल्या.

सदानंद माणूस वाईट नाही. गळणाऱ्या छतांखालची दोन्ही घरं रोज त्यांना फोन करतात. त्यांनी कॉन्ट्रॅक्टरला तिथेच फोन लावला, बराच वेळ बोलले, आणि काम जिन्याच्या बाजूने सुरू करून काकूंचा वेल होता तो टाकीचा कोपरा शेवटी घ्यायचा, एवढं ठरवून घेतलं. कोपऱ्यापर्यंत यायला शनिवार उजाडेल. काकू म्हणाल्या, पाच दिवसांत वाजायचं नाही. त्यापेक्षा जास्त माझ्या हातात नाही काकू, असं सदानंद म्हणाले, आणि ते खरंच होतं.

शुक्रवारी संध्याकाळी काकूंनी हातभर वेलासकट शिराळं कापलं. टोकाची तपकिरी निम्म्यापर्यंत चढली होती. कानाशी धरून हलवलं. आवाज नाही. वाडीत एखादं असं अर्धवट उतरवावं लागलं, तर चुलीच्या वर, धुराच्या अंगाला टांगायचे. इथे टांगणार कुठे? गॅसवर? काकू हे सगळं रिद्धीला सांगत होत्या, कारण आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. रिद्धी दिवसभर ऑफिसात बसून आलेली, तिने पर्सही खाली ठेवली नव्हती. ती म्हणाली, "आई, चूल नाही आपल्याकडे. पण गरम वारा आहे."

बेडरूमच्या खिडकीबाहेर, ग्रिलमध्ये, एसीचं मशीन बसवलेलं आहे. एसी चालू झाला की त्यातून भट्टीसारखी हवा बाहेर पडते. रिद्धीने कांद्याच्या जाळीच्या पिशवीत शिराळं घातलं आणि मशीनसमोर हात-दीड हातावर ग्रिलला बांधलं. काकूंनी अंतर दोनदा बदलायला लावलं. फार जवळ नको, बी भाजेल.

काकूंचं आणि एसीचं कधी जमलं नव्हतं. त्या हवेने गुडघे धरतात, आणि माणसं दार लावून बसतात, अशा त्यांच्या दोन तक्रारी. आता त्याच भर दुपारी सुनेला आणि मुलाला सांगायला लागल्या की एसी लावा. शनिवारी भावेशने आईकडे संशयाने पाहिलं, रविवारी तो आनंदाने दुपारी झोपला. नोकरीच्या दिवशी घरात कुणी नसे. तेव्हा काकू स्वतः एसी लावून, अंगावर शाल घेऊन, त्या खोलीत मटार सोलावेत तसा लसूण सोलत बसत. गच्चीवर आता वाळवण घालता येत नव्हतं. अर्धवट सुकलेले सांडगे आमच्या बाल्कनीत होते, मिरच्या मीराकडे.

लिफ्टमध्ये, जिन्यात, कचऱ्याच्या डब्यापाशी, जो भेटे तो विचारू लागला, वाजलं का? दुसऱ्या मजल्यावरच्या माणसाने तर, ज्याने आयुष्यात कधी शिराळं खाल्लं नाही असं त्याची बायको सांगते, त्यानेही विचारलं. काकूंना पहिल्यांदा शरमल्यासारखं व्हायचं. मग सवय झाली.

आठव्या दिवशी रिद्धी कामावरून आली ती चपला न काढता थेट खिडकीशी गेली. आतून तिचा आवाज आला, "आई, या जरा."

काकूंनी शिराळं कानाशी धरलं आणि हळूच हलवलं. मग भावेशच्या कानाशी धरलं. मग मला बोलावून माझ्या. कोरड्या तांदळांचा असतो तसा आवाज, पण जरा जड.

टोकाची टोपी कापून शिराळं ताटात उपडं केलं. चाळीसेक बिया पडल्या. काही पांढुरक्या, पोकळ. काकूंनी वाटीत पाणी घेतलं आणि सगळ्या त्यात टाकल्या. बहुतेक तरंगल्या. तळाशी गेल्या त्या अकरा. काळ्या, टणक. काकूंनी त्या मोजल्या नाहीत, आम्हीच मोजल्या. त्यांनी नुसतं वाटीवर हात ठेवला आणि थोडा वेळ तसाच ठेवला.

या बिया राखेत घालायच्या नव्हत्या, पाऊस दारात होता. चार काकूंनी ठेवल्या. तीन जोआनासाठी. दोन मीराला, दोन मला. या वेळी त्यांनी पुड्या बांधल्या तेव्हा प्रत्येक पुडीत लाल चिंधीची एक पट्टीही घातली. त्यांच्या सासूबाईंच्या लुगड्याची होती.

"पहिली तीन खा," त्या मीराला आणि मला म्हणाल्या. "चौथ्याला ही बांधा, आणि ते आपलं नाही असं समजा. वाजेपर्यंत." मग पुड्या आमच्या हातात ठेवत, "दिलेलं बी परत मागायचं नाही, असं आमच्याकडे होतं. मी ते मोडतेय. दिवाळीनंतर मी तुमच्या दारात येईन. मागायला."

जोआनाला त्यांनी स्वतः जाऊन सगळं सांगितलं, खारट राखेसकट. जोआना म्हणे इतकी हसली की टोनी आतून बाहेर आला.

जुलैमध्ये सलग सहा दिवस पाऊस लागला. काम संपल्यावर गच्चीवर परत नेलेल्या काकूंच्या पिंपाचं खालचं भोक मातीने बुजलं होतं, पाणी साचलं, वेल मुळातून सडला. चारही बिया गेल्या. माझ्याकडची एक उगवलीच नाही, दुसरी गोगलगायीने खाल्ली. ते मला काकूंना सांगायचा धीर आठवडाभर झाला नाही. जोआनाचा वेल मांडवावर चढला होता, पण अजून फुलांवरच होता.

ऋषीची भाजी काकूंच्या घरी आपण लावलेल्या, हाताने वाढवलेल्या भाज्यांचीच होते. अळू होतं, मिरच्या होत्या, वाल होते. शिराळं नव्हतं. ऋषिपंचमीच्या आदल्या दिवशी त्या मीराकडे गेल्या. मीराच्या बाल्कनीत, ग्रिलवर पसरलेल्या वेलाला एक शिराळं लागलं होतं. एकच. वीतभर, फिकट, भाजीला अगदी बेताचं. त्याच्या देठाला लाल चिंधी होती.

"पहिलंच बांधलंस?" काकूंनी विचारलं.

मीरा म्हणाली की चौथं येईल याचा काय भरवसा. तिला रात्री झोप लागेना, म्हणून तिने पहिल्यालाच बांधलं. मग काकूंच्या हातातली पिशवी बघून तिचा चेहरा पडला. ऋषीच्या भाजीसाठी हवं होतं का काकू, सोडू का?

काकूंनी पिशवीची घडी घातली आणि काखेत धरली. वाकून त्यांनी शिराळं तळहातावर तोललं, देठ पाहिला, आणि चिंधीची गाठ सोडून पुन्हा बांधली, आधीपेक्षा सैल.

"घट्ट बांधलं होतंस," त्या म्हणाल्या. "देठ जाड होतो. जागा ठेवावी."